वाकडी बसलेली बोट

एका धरणाच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात रावबा नावाचा एक नावाडी होता; सगळे त्याला तात्या म्हणत. पाण्यापलीकडे वीस घरांची वाडी होती. वाडीला ना रस्ता, ना दुकान, ना दवाखाना. जे काही होतं ते अलीकडे, आणि अलीकडे यायला रावबाची बोट.

बोट पाँटूनची होती. म्हणजे खाली दोन लांब पोकळ पत्र्याच्या नळ्या, वर सपाट फळ्या आणि भोवती कठडा. नळ्यांत हवा आहे तोवर बोट तरंगणार. नळी फुटली की संपलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधला खडक उघडा पडायचा आणि वरच्या घाटापासून बोट चालेनाशी व्हायची. मग दर वैशाखात ती ट्रेलरवर चढवून खालच्या घाटाला न्यायची. ट्रॅक्टरने ट्रेलर मागे मागे पाण्यात ढकलायचा. ट्रेलरवर गोणपाट गुंडाळलेले दोन जाड वासे असत. रावबा बोट बरोबर त्यांच्यावर आणायचा, चरखीने दोर ओढायचा, आणि दोन नळ्या दोन वाशांवर अलगद बसायच्या. हे काम तो एका दमात करायचा. वीस वर्षांत त्याला दुसऱ्यांदा ओढावं लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी विसरला नाही, दुसऱ्यांनाही विसरू देत नसे.

गावाची एक रीत होती. ट्रेलरची चाकं पाण्याबाहेर आली की नारळ फोडायचा. नारळ फुटला की बोट त्याच घाटाला पुन्हा पाण्यात लोटायची नाही. लोटली तर पाणी वर्षभर रुसतं, असं जुनी माणसं सांगत. कुणी सांगितलं, का सांगितलं, हे कुणी विचारत नसे.

त्या वर्षी बोट न्यायच्या दिवशी सकाळीच वाडीतून एक माणूस डोंगराच्या वाटेने निरोप घेऊन आला. वाडीतल्या सगुणाचे दिवस भरले होते. पहिलंच बाळंतपण, त्यात मूल आडवं. आज दवाखान्यात पोचलंच पाहिजे, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. दुपारपर्यंत सगुणाला घेऊन माणसं खालच्या घाटासमोर येऊन थांबणार होती.

"दुपारी बोट तिथं उभी असंल," रावबाने शब्द दिला.

अर्धा गाव काठावर जमला. बघ्यांना काय, फुकटचा तमाशा. रावबाने बोट फिरवली, वाशांच्या रेषेत आणली, आणि नेमका त्याच वेळी पश्चिमेकडून वारा सुटला. बोटीचा मागचा भाग वीतभर सरकला. पण चरखी फिरत होती आणि लोक "वा तात्या!" म्हणत होते. ट्रॅक्टरने झटका दिला, चाकं पाण्याबाहेर आली आणि कुणीतरी नारळ फोडला.

रावबा खाली उतरला आणि मागे गेला. डावी नळी पुढे वाशावर होती, पण मागे वाशावरून घसरून लोखंडी आडव्या पट्टीच्या धारेवर टेकली होती. सगळा भार त्या एका जागी आला होता. वीस वर्षं ज्याने बोट हाकली त्याला हे समजायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही.

उपाय सोपा होता. ट्रेलर पुन्हा पाण्यात न्यायचा, बोट तरंगू द्यायची, सरळ करायची आणि परत ओढायची. आता रीत आडवी येते, असं तो स्वतःशी म्हणाला. पण खरं सांगायचं तर रीत हे निमित्त होतं. अर्ध्या गावासमोर दुसऱ्यांदा ओढायची लाज वाटली, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याने विचार केला. मूठ झाकता येते हो, पण धारेवर टेकलेला पत्रा कसा झाकणार?

ट्रॅक्टरवाल्या म्हादूने वळून विचारलं, "तात्या, सरळ बसली न्हवं?"

रावबा म्हणाला, "बसलीया. चल."

रस्ता चार कोसांचा होता. प्रत्येक खड्ड्याला बोट उचलली जाई आणि त्याच धारेवर आपटे. रावबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून सरळ पुढे बघत होता. निम्म्या वाटेवर म्हादू पाणी प्यायला थांबला, तेव्हाही तो उतरून मागे गेला नाही. न बघितलेलं नुकसान झालेलं नसतं, असं माणसाला वाटतं.

खालच्या घाटाला बोट पाण्यात उतरली तेव्हा समोरच्या काठावर माणसं उभी होती. मधोमध खाट ठेवली होती. खाटेवर सगुणा होती. रावबाने इंजिन सुरू केलं. शंभर हात गेला नाही तोच बोट डावीकडे कलायला लागली. नळी शिवणीला उसवली होती आणि पाणी आत भरत होतं. त्याने कशीबशी बोट वळवून काठाला घातली. समोरची माणसं हात हलवून बोलावत होती. तो काठावर उभा राहिला आणि दोन्ही हात आडवे करून त्याने बोट येणार नाही अशी खूण केली.

मग त्या माणसांनी खाट खांद्यावर घेतली आणि डोंगराला वळसा घालून निघाली. पाच तासांची चढ-उताराची वाट. दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. सगुणा वाचली. बाळ वाचलं नाही.

रावबाला कुणी बोल लावला नाही. सगळे म्हणाले, रस्ताच वाईट, खड्ड्यांनी बोट फोडली. पंचायतीने रस्त्यासाठी अर्जसुद्धा लिहिला आणि रावबाने त्यावर अंगठा दिला. आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही की धड जेवला नाही. डोंगर ओलांडून वाडीतून कुणी विचारायला येणार नव्हतं. गप्प राहिला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती.

नवव्या दिवशी तो उठला आणि डोंगराच्या वाटेने वाडीला निघाला. खाट गेली होती त्याच वाटेने. साठीच्या माणसाला पाचाचे सात तास लागले. सगुणाच्या दारात तिचा सासरा बसला होता. आजूबाजूची चार माणसं आली.

"या तात्या, बसा," सासरा म्हणाला. "तुमचा काय दोष. रस्ताच वंगाळ."

रावबा बसला नाही. "रस्ता हाय तसाच व्हता," तो म्हणाला. "बोट वाकडी बसली व्हती. म्या बघितली व्हती. म्हादूनं इचारलं तवा म्या सरळ हाय म्हणून सांगितलं."

सासऱ्याने तोंड फिरवलं. एवढ्यात सगुणा दाराशी आली. अंगात त्राण नव्हतं, चौकट धरून उभी राहिली.

"तात्या," तिने विचारलं, "परत पाण्यात घालून सरळ घ्यायला किती येळ लागला असता?"

रावबा खाली मान घालून म्हणाला, "अर्धा तास."

सगुणा रागावली नाही, रडलीही नाही.

"अर्धा तास म्या थांबले असते, तात्या," ती म्हणाली.

तात्पर्य: चूक दिसताक्षणी चारचौघांत मागे फिरणारा घटकाभर लाजतो; पण मानासाठी वाकड्याला सरळ म्हणणाऱ्याच्या चुकीची किंमत बहुधा दुसरंच कुणीतरी मोजतं, आणि ती मग कशानेही भरून देता येत नाही.