फळ्यावरचे दोन तारे

मंडळी, पिक्चर कसा आहे ते विचारायचं, तर विश्वास कुणावर ठेवाल? पोस्टरवर, की बघून आलेल्यावर? आमच्या गावात लोक गेनूशेठचा फळा वाचत. शेठ थेटरच्या फाटकाशी शेंगदाण्याची गाडी लावत, पहिला खेळ बघून येत आणि खडूनं पाचांपैकी तारे काढत.

थेटरमालक दौलतरावांनी स्वतःच पिक्चर काढला. शेठनी तारे दिले दोन! दुसरा खेळ चालू असताना दौलतराव तणतणत बाहेर आले. "पाच करा, नाहीतर उद्यापासून गाडी हलवा इथून!"

पुढच्या खेळाच्या तिकिटाची रांग वळून बघू लागली. शेठची वीस वर्षांची जागा होती ती. त्यांनी निमूट खडू उचलला. "करतो की, मालक. आत्ता आत काय चाललंय तेवढं सांगा."

"मला काय ठाऊक? मी इथं उभा आहे ना!"

"तेच म्हणतो. पिक्चर तुमचा, खुर्ची फुकट, तरी तुम्ही बाहेर. मी तिकीट काढून शेवटपर्यंत बसलो. एक तारा पिक्चरचा, दुसरा माझ्या चिकाटीचा."

रांग खदखदली. दौलतरावांनाही हसू फुटलं. दाण्यांची पुडी घेऊन ते आत गेले. खेळ सुटल्यावर आले आणि आपल्या हातानं एक तारा पुसला. "गाडी राहू द्या, शेठ. चिकाटीचा ताराही राहू द्या."

तेव्हा बाबांनो, तारे वाटताना हिशोब तेवढा चोख ठेवा.