मुळातला खिळा

“मग शेवटी जास्त भार सोसला कुणी?” पाटगावकर सरांनी विचारलं.

“धातूच्या खिळ्यानं, सर. काचतंतूंचा त्याच्या निम्म्या भारालाच मोडला.”

हेरंबच्या आवाजात ताठा होता. नस मेलेल्या दाताचं मूळ साफ करून त्यात खिळा रोवतात, मग त्याच्या आधारावर टोपी बसते. कुठला खिळा बळकट, हे पाहायला त्यानं काढलेले दात यंत्राखाली घालून मोडेपर्यंत दाबले होते. ज्यांनी त्याच्या हाती पहिलं अवजार दिलं, त्या गुरूंना हे सांगायला तो कोल्हापूरहून गारगोटीला आला होता.

निदान स्वतःला तरी तो तसंच सांगत होता.

“आणि मुळाचं काय झालं?”

“सर, प्रश्न खिळ्याच्या ताकदीचा होता. मुळाचा नव्हता.”

“बरं.” सरांनी शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. “घे. मला आता एकाच बाजूनं चावता येतं. माझ्या वाटचं तू दुसऱ्या बाजूनं चाव.”

हेरंब हसला नाही. दवाखाना कधीच बंद झाला होता, तरी सरांनी रोग्याची खुर्ची खिडकीशी तशीच ठेवली होती. तीत तो बसला होता. पाठ न टेकता.

“घरी कसं आहे?”

“ठीक.”

“हेरंब…”

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

“धाकटा भाऊ गेला, त्याला महिना झाला, सर. मी डगमगलो नाही. सगळं एकट्यानं निस्तरलं. घरात रडारड नको, असं सगळ्यांना बजावलं. एकदा आईनं सवयीनं त्याचंही ताट वाढलं. मी ते उचलून आत ठेवलं. म्हटलं, आई, तो आता नाही. सावर स्वतःला.”

“मग?”

“सावरली. रडत नाही आता.”

त्यानं वाटीतला एक दाणा उचलला आणि परत ठेवला.

“बोलतही नाही. समोर ठेवलेला घास तसाच वाळून जातो. माझ्याकडे बघते, पण मी दिसत नाही तिला… काय करू, सर?”

सर गुडघ्यांवर हात देत उठले, कोनाड्यातून एक डबी आणली आणि त्याच्या तळहातावर उपडी केली.

दाढ होती. तिचं मूळ वरपासून खालपर्यंत उभं चिरलं होतं. मधला धातूचा खिळा हेरंबनं तेव्हाच ओळखला. शिकत असताना त्यानं स्वतः घडवून सरांच्या तोंडात बसवला होता. सरांनी त्या दिवशी त्याची पाठ थोपटली होती.

“गेल्या आठवड्यात काढून टाकावी लागली,” सर म्हणाले.

“फार दुखलं असेल.”

“छे रे. दुखायला नस कुठं होती? आतल्या आत चिरत गेली बिचारी. माझ्याच तोंडात, आणि मलाच पत्ता नाही.”

हेरंबनं दोन्ही फाका बोटांत धरून जुळवल्या. जुळल्या. बोटं सैल केली, तशा पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यानं पुन्हा जुळवल्या…

“पण सर,” त्याचा आवाज बारीक झाला होता, “घरात कुणीतरी ताठ उभं राहायलाच हवं ना?”

सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच्या हातातल्या फाकांमधून खिळा अलगद काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

“हा बघ,” ते म्हणाले. “खिळ्याला काही झालेलं नाही.”