टेलिफोनवाल्याची चेतापेशी

“…म्हणजे तुम्ही मला मनातून काढूनच टाकलंत, असं समजू का सर?”

अच्युत मयेकरने शेवटी विचारलंच. चहा केव्हाच संपला होता.

घैसास सरांनी त्याला शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. हा माझ्यासारखा मास्तर होणार, असं सर साऱ्या मालवणात सांगत सुटले होते. आणि हा पठ्ठ्या टेलिफोन खात्यात गेला तो गेलाच. लाजेने पुन्हा फिरकला नाही. आज आला तो मोठा साहेब होऊन. जिल्ह्यातल्या किती लाइनी आपण जोडल्या, तेच सांगत बसला. आत जीव मात्र कासावीस.

शिकवणीच्या पोरांची पाटी सरांनी त्याच्या मांडीवर ठेवली.

“चेतापेशी काढ.”

“आत्ता?”

सरांनी पेन्सिल पुढे केली.

अच्युतने पेन्सिल धरली. आधी पेशीकाय, त्यात केंद्रक. भोवती निरोप घेणाऱ्या वृक्षिका, झाडाच्या फांद्यांसारख्या. मग निरोप पुढे नेणारा लांबलचक अक्षतंतू, त्यावर मेदाचं आवरण. हात काही विसरला नव्हता. प्रयोगशाळेतला तो उग्र वास, मायक्रोस्कोपसाठी लावलेली रांग, मागे उभे राहून सरांनी हळूच मारलेली टपली… काय दिवस होते ते. त्याचे डोळे भरून आले.

त्याने शेजारी दुसरी पेशी काढली. पहिलीचं टोक तिला नेऊन पक्कं जोडलं. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

सरांनी अंगठ्याने तेवढाच जोड पुसला.

“लाइन तुटली की, सर.”

“तुटली नाही. त्या एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये फट असतेच. शिकवलं होतं मी.”

“मग निरोप?”

“जातो. फटीतून.”

अच्युत पाटीकडे बघत राहिला.

मग खालमानेने म्हणाला, “इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही. टेलिफोनवाला असून तुम्हाला एक फोन केला नाही. रोज आठवण यायची, सर. रोज.”

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“पोचत होती रे.”