पारूआईला काय आवडायचं?

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की तेव्हा कावळे बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकून घ्यायची.

नदीकाठच्या एका गावात पारूआई राहायची. नवरा लवकर गेला. तिने लोकांच्या शेतात खुरपणी करून दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, आणि मग त्यांची मुलंही वाढवली. कुणाला काय आवडतं ते तिला तोंडपाठ. थोरल्याला भाकरी कडक लागायची, धाकट्याला मऊ. एका नातवाला कांदा चालत नसे, तर म्हातारी त्याच्या ताटलीतली एकेक पाकळी वेचून काढायची. आता मला सांगा, एवढा वेळ कुणाला असतो? तिला होता. स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून बसायची आणि उरलं असेल ते खायची.

एके दिवशी ती गेली. नातवंडं उगीचच चुलीपाशी जाऊन उभी राहायची आणि रडायची.

दहाव्या दिवशी सगळे नदीवर जमले. रीत अशी, की गेलेल्या माणसासाठी पिंड ठेवायचा आणि शेजारी त्याच्या आवडीचं वाढायचं. कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला, तर तो कशात तरी अडकलाय असं समजायचं.

पिंडाशेजारी पुरणपोळी वाढली होती. कावळा समोरच्या करंजावर बसला होता, पण खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. थोरल्याने हात जोडले. "आई, घर आम्ही एकत्र ठेवू. पोरांना जपू." कावळा हलला नाही. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या." थोरला म्हणाला, "नको. आईला असं फसवून नाही पाठवायचं."

"अरे बाबा, निदान पुरणपोळीला तरी शिव," धाकटा रडकुंडीला आला.

तेव्हा कावळा बोलला, "पुरणपोळी तुला आवडते. तुझी आई नुसती लाटायची. तिला काय आवडायचं, तेवढं एक सांगा. मी लगेच येतो."



लेक पुढे झाली. "खरवड. दुधाच्या पातेल्याची करपलेली खरवड. मला तीच आवडते, असं आई नेहमी म्हणायची."

"साय तुम्हाला मिळावी म्हणून म्हणायची," कावळा म्हणाला.

लेकीने तोंडाला पदर लावला. थोरल्या सुनेने वीस वर्षं सासूच्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या होत्या, पण तिलाही काही आठवेना. गोड आवडायचं की आंबट, एवढंसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी थोरला वाळूतच बसला. एवढा मोठा बाप्या, पण हुंदके आवरेनात. "आम्हाला माहीत नाही रे. आम्ही तिला कधी विचारलंच नाही."

तेव्हा कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"आता तरी सांग," थोरला म्हणाला. "काय आवडायचं तिला? वर्षश्राद्धाला तेच करू."

"मला तरी कुठे माहीत?" कावळा म्हणाला. "रोज पहिला घास ती मला घालायची. मी खायचो आणि उडून जायचो. म्हटलं, तुम्ही तर पोटची पोरं, तुम्हाला तरी ठाऊक असेल."

मग तोही बराच वेळ त्यांच्याजवळ वाळूत बसून राहिला.

त्या घरात आजही पारूआईच्या श्राद्धाला पान वाढतात. भात, वरण, भाजी, सगळं असतं. फक्त तिच्या आवडीच्या पदार्थाची वाटी रिकामी ठेवतात, कारण तिच्यात काय घालायचं ते त्यांना कधीच कळलं नाही.

म्हणून सांगते, जे माणूस आपल्याला भरवतं, त्याला काय आवडतं हे ते समोर बसलेलं असतानाच विचारून घ्यावं.