पडेल त्याने हौदा खणावा

एका राज्यात सगळ्यांत मोठी दौलत होती ती लाल मातीची. राजवाड्यामागे तालीम, तालमीत कुस्तीचा हौदा, आणि त्या मातीत ताक, हळद, लिंबू नि तेल मुरलेले. संध्याकाळी पठ्ठे मांडीवर शड्डू ठोकत. तो आवाज वेशीपर्यंत जाई आणि तो ऐकून आयाबाया देवापुढे दिवा लावत. काय ते दिवस होते म्हणून सांगू! तालमीचा कायदा एकच: जो पडेल, त्याने दुसऱ्या दिवशीचा हौदा खणायचा. त्यात लहानमोठा भेद नव्हता.

तो कायदा मोडला खुद्द राजाने. त्याचा एकुलता एक लेक, युवराज कीर्तिध्वज, हौद्यात उतरला की समोरच्याने पाठ टेकायची, असा हुकूम निघाला. राजाला वाटले, पोराला धीर येईल. शहाण्या बापाचा खुळेपणा, दुसरे काय! म्हातारे बाळोजी वस्तादसुद्धा मान खाली घालून नुरा कुस्ती खेळले, म्हणजे ठरवून हरले. युवराजाच्या हाती खोरे कधी आलेच नाही.

मग सात डोंगरांपलीकडून काजळनाथ मांत्रिक आला. त्याच्यासोबत एक मल्ल होता. त्या मल्लाला तोंडच नव्हते, नाकडोळ्यांच्या जागी नुसती सपाट माती.

"राजा," मांत्रिक म्हणाला, "तुझा पोर पडून उठला नाही, तर तुझ्या राज्यातला शड्डू माझा."

कुस्ती लागली आणि युवराज जन्मात पहिल्यांदा उताणा पडला. वर आभाळ दिसले, भोवती हजार डोळे दिसले. लाजेने डोळे मिटून तो तसाच पडून राहिला. मांत्रिकाने राज्यातला शड्डू मडक्यात भरला, मडक्याला फडके बांधले आणि चालता झाला.

त्या दिवसापासून कोणी कितीही मांडी बडवो, आवाज येईना. शड्डूच नाही, तर हौद्यात उतरायची छाती कोणाची होणार? तालमीला कुलूप लागले. युवराजही महालाबाहेर पडेना.

एके सकाळी डाव्या पायाने लंगडत बाळोजी वस्ताद महालात आले.

"युवराज, तुम्ही माझ्याशी जिंकलेल्या सगळ्या कुस्त्या खोट्या होत्या. पाप माझे आहे. पण मरण्याआधी एकदा शड्डू ऐकायचा आहे मला."

युवराज भडकला. "मग आता खरी लढा!"

"हौद्याबाहेर तुम्ही युवराज. आत मात्र तू माझा पठ्ठा. चालेल?"

"चालेल."

तालमीचे कुलूप निघाले. वर्षभर वस्तादांनी त्याला रोज पाडले. रोज त्याने खोरे धरले. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आधी तो रडत खणायचा, मग शिव्या घालत, मग चक्क गाणे म्हणत. तालमीतल्या कडुलिंबावर एक बोलकी साळुंकी राही. ती रोज ओरडे, "युवराज पडला! युवराज पडला!" पहिल्यांदा तो तिला ढेकूळ मारी, पुढेपुढे दाणे टाकू लागला. वस्ताद सांगत, "समोरच्याच्या तोंडाकडे बघू नकोस, तोंड फसवते. पाय बघ."

वर्ष सरले. साळुंकीला खांद्यावर घेऊन युवराज सात डोंगर ओलांडून गेला. मांत्रिकाच्या गुहेत हौदा होता, आणि वर शिंकाळ्यात ते मडके.

"मल्लाला पाडशील तर मडके तुझे," काजळनाथ म्हणाला. "पडून राहशील तर तूही माझा. तुला शेवटी ज्याने पाडले, त्याचे तोंड तो घेतो. मागे तुला कोणी पाडलेच नव्हते."

मल्ल वळला. ते तोंड बाळोजी वस्तादांचे होते. तीच पांढरी मिशी, तीच मायेची नजर.

युवराजाचा गुरूवर हात उठेना. तो पडला आणि उठला. दुसऱ्यांदा जुने हजार डोळे आठवले. पडला, उठला. तिसऱ्यांदा दमच संपला. पडला, पुन्हा उठला. आता मांत्रिकाचे हसू ओसरले.

"अरे, पडलास ना? मग उठतोस कशाला?"

"आमच्याकडे पडेल त्याने हौदा खणायचा असतो," युवराज माती झटकत म्हणाला. "पडून राहिलो तर खणणार कोण?"

आणि त्याने खाली पाहिले. वस्तादांचा डावा पाय अधू, या मल्लाचे दोन्ही पाय धडधाकट. तोंड वस्तादांचे, पाय परक्याचे! शिवाय त्यातला एक भीतीने लटपटत होता. युवराजाने त्याच पायावर ढाक डाव टाकून त्याला उचलून आपटले. मल्ल चितपट झाला आणि त्याची माती झाली. शिंकाळ्यातले मडके आपोआप फुटले, आतला शड्डू मोकळा झाला. काजळनाथ धूर होऊन गेला.

युवराज गावी परतला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. वेशीवर उभे राहून त्याने शड्डू ठोकला. घराघरांत हात थबकले, मग दिवे लागले. कित्येक बायका दिवा लावता लावता रडल्या. हौद्याच्या काठावर बाळोजी वस्ताद डोळे पुसत बसले होते.

"वस्ताद, जिंकलो!" युवराज पाया पडला.

"तीनदा पडला! तीनदा पडला!" साळुंकी ओरडली.

वस्तादांनी कोपऱ्यातले खोरे त्याच्या हातात दिले. "मग खण की!"

मागे राजा उभा होता. त्याने मुकुट उतरवून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि दुसरे खोरे उचलले. बापलेक खणत राहिले, माती मऊ झाली, कहाणी पुरी झाली.