माफीपत्र आणि बाभळीचा काटा

आसदरीच्या शाळेला कुलूप लागलं, कारण राजे मकाजीरावांना सुईची भीती वाटत होती!

अर्थात, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. झालं होतं ते असं. शेजारच्या गावांत देवीच्या रोगाची साथ आली. आसदरीत देवी टोचणारे डॉक्टर आले आणि म्हणाले, "शाळेतलं एकूण एक पोर टोचून घ्या. एक जरी राहिलं, तरी शाळा उघडू नका." राजांनी मान डोलावली. मग डॉक्टरांनी पेटीतून सुई काढली. "आधी युवराज, आणि त्यांना धीर यावा म्हणून त्यांच्याआधी तुम्ही!"

राजांना दरदरून घाम फुटला. "छे, छे! देवानं दिलेल्या अंगाला लोखंड लावायचं नाही, असा आमच्या कुळाचा नेम आहे!"

हा नेम राजांच्या कुळालासुद्धा त्याच दिवशी कळला. राजांनी टोचण्यातून सूट देणारं माफीपत्र स्वतःलाच लिहून दिलं आणि वर शिक्का मारला. मग काय, यथा राजा तथा प्रजा! दुसऱ्या दिवशी पाटलांना तोच नेम आठवला, मग तेल्याला आठवला. सोनारालासुद्धा आठवला, जो जन्मभर गावाचे कान टोचत आला होता! बघता बघता चाळीस पोरांपैकी सदतीस पोरांच्या घरी माफीपत्रं पोचली.

उरलेल्या तिघांत होती म्हादू न्हाव्याची दहा वर्षांची लेक, गोजरा. तिनं पहिल्याच दिवशी दंड पुढे केला होता. तिची जोडाक्षरं आता कुठे सुरू झाली होती, आणि दारावर हे भलंमोठं कुलूप! तिला आधी रडू आलं, मग राग आला. ती तडक राजवाड्यावर गेली.

"म्हाराज, शाळा उघडा!"

"उघडतो की!" राजे मिशीत हसले. "पण टोचल्याशिवाय एकही पोर आत जायचं नाही. आणि तू कुणाचा नेमही मोडायचा नाहीस. दोन्ही जमव! भैरोबाच्या जत्रेला आठ दिवस आहेत. तोवर जमलं नाही, तर शाळेत मी माझे घोडे बांधणार!"

"जमतंय की!" गोजरा म्हणाली. "नेम कशाला मोडायचा? उलट कडक पाळू! डोंगरावरच्या त्या गोसाव्याचा बी ह्योच नेम हाय. जटा गुडघ्यापातुर आल्यात, पन वस्तरा म्हनून लावला न्हाई. नेम असावा तर असा! तुमी दवंडी तेवढी द्या, म्हाराज."

पोर आपल्याच बाजूची निघाली म्हणून राजे खूश झाले. संध्याकाळी दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! माफीपत्र असलेल्याच्या अंगाला जो लोखंड लावील, त्याची गाढवावरून धिंड निघेल होऽ!"

सकाळी म्हादू नेहमीसारखा वस्तरा घेऊन राजवाड्यावर गेला, तर पहारेकऱ्यानं त्याला दारातूनच पिटाळलं. तो तणतणत घरी आला. "कार्टे, माझ्या पोटावर पाय दिलास!"

"आठ दिस कळ काढा, आबा. मग हात दुखेस्तवर गिऱ्हाईक!"

चार दिवसांत गावाची कळा गेली. पाटलांच्या दाढीत ताकाचे थेंब अडकू लागले. तेल्याचा गुळगुळीत गोटा साळिंदरासारखा दिसू लागला. आणि राजे? दाढीला अशी काही खाज सुटली होती, की ते भर दरबारात खांबाला गाल घासत! पण बोलणार कुणाला? दवंडी त्यांचीच होती.

आठव्या दिवशी जत्रा होती. रिवाजाप्रमाणे राजे अनवाणी पालखीबरोबर निघाले. एका हातानं पालखी धरली होती, दुसऱ्यानं दाढी खाजवत होते. टेकडीच्या वाटेवर कच्चकन बाभळीचा काटा टाचेत घुसला.

"मेलो! अरे, सुई आणा कुणीतरी!"

सोनारानं सवयीनं बटव्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "महाराज, ते गाढव..."

"गाढव गेलं खड्ड्यात! काटा काढ!"

"आन् तुमचा नेम, म्हाराज?" गर्दीतून गोजरा पुढे आली.

"अगं, काट्याला काय ठाऊक माझा नेम!" राजे एका पायावर नाचत ओरडले.

"मग त्याला माफीपत्र दावा की! चांगलं शिक्क्याचं हाय."

"काट्याला वाचता येतं होय गं?"

"काट्याला न्हाई येत. मग साथ तरी कुठल्या शाळंत शिकलीया, म्हाराज?"

राजांनी शेजारी उभ्या युवराजाकडे पाहिलं. पोरगं नितळ गालांनी त्यांच्याकडे बघून हसत होतं. त्या गालांवर देवीचे व्रण कसे दिसतील, ते राजांच्या डोळ्यांपुढे आलं.

गोजरानं बाभळीचा एक काटा मोडून घेतला. "लोखंड न्हाई लावत. काट्यानंच काटा काढते." आणि बोलता बोलता टाच मोकळी केली.

राजांनी कमरेचं माफीपत्र काढलं आणि टराटरा फाडलं. मागोमाग पाटलांचं फाटलं, तेल्याचं फाटलं, सोनाराचं फाटलं!

"म्या कुनाचा नेम मोडला न्हाई हां, म्हाराज. तुमचा तुमीच सोडला!"

लगेच डॉक्टरांना बोलावणं गेलं आणि रांग लागली. अलीकडे डॉक्टर बसले, पलीकडे म्हादू. आधी टोचून घ्यायचं, मगच हजामत! सगळ्यांत पुढे राजे होते. त्यांनी डोळे गच्च मिटून युवराजाचा हात धरला. "झालं का?" "केव्हाच, आबासाहेब!" युवराज म्हणाला आणि त्यानं स्वतःचा दंड पुढे केला.

गालाला साबण लावून घेत राजे म्हणाले, "गोजरे, माग काय हवं ते! मोहरा माग, दुभती गाय माग!"

"शाळेची किल्ली माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"किल्ली? ती कशाला?"

"उद्या तुमास्नी आनखी एखादा नेम आठवला म्हंजी?"

राजे असे खदखदून हसले, की म्हादूला वस्तरा मागे घ्यावा लागला. त्याच अर्ध्या दाढीनिशी ते उठले आणि त्यांनी शाळेची किल्ली गोजराच्या हातावर ठेवली.