दोन डबे, एक टंगस्टन

यमुताई वैरागडे डोंगर पालथे घालून टंगस्टनचे काळे, चकचकीत दगड जमवत. नागपूरच्या प्रदर्शनात त्यांचा देखणा दगड पाहून बडे संग्राहक भैयासाहेब बोरगावकरांना हाव सुटली.

ते गरजले, "या दोन डब्यांपैकी एकात टंगस्टन आहे, दुसऱ्यात तेवढ्याच आकाराचा साधा काळा दगड. न उघडता, हात न लावता ओळखा! चुकलात तर तुमचा दगड माझा, जिंकलात तर माझं टंगस्टन तुमचं."

"बरं. दोन हातांत दोन डबे घेऊन जरा इकडे या."

भैयासाहेब ऐटीत निघाले आणि त्यांचा डावा खांदा खाली ओढला गेला.

"तुमच्या डाव्या हातातला!" यमुताई आनंदाने ओरडल्या.

"कसं ओळखलंत?"

"टंगस्टन भलतं जड, भैयासाहेब. तुमच्यासारख्या वजनदार माणसालाही त्याचं वजन लपवता येईना!"

सगळं सभागृह खदखदून हसलं.